डावा कान

आमच्या घरातली मुलगी कशाकशाला घाबरते हे सांगत बसले तर माझं हातातलं काम तसंच राहील. ती लिफ्टला घाबरते, कुत्र्याला घाबरते. अनोळखी नंबरवरून फोन आला तर तो वाजून वाजून गप्प होईपर्यंत त्याच्याकडे नुसती बघत बसते. लहानपणी कपाटाचं दार जरा किलकिलं राहिलं की तिला झोप लागायची नाही. तेव्हापासून सगळे तिला भित्री भागूबाई म्हणायला लागले, मग नुसतंच भागू. आता कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आली तरी ती भागूच आहे. मी तिची आत्या. तिला चिडवण्याचा पहिला मान माझा, आणि बाहेरच्या कोणी चिडवलं तर त्याचं तोंड बंद करण्याचाही माझाच.

माझा भाऊ, म्हणजे तिचा बाबा, कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन आमच्याकडे पाठवतात. दादा त्यात प्लास्टर ओततो, मेणात दात रचतो, मेणाची पक्की कवळी करतो आणि मी ती घासून चकचकीत करते. घराची पुढची खोली म्हणजेच कारखाना. भिंतीवरच्या फळ्यांवर जबड्यांच्या रांगा लागलेल्या असतात. त्या बघून शेजारपाजारच्या पोरांची बोबडी वळते, पण भागूला त्यांचं कधीच काही वाटलं नाही. ती आकडे शिकली तेच मुळी ते दात मोजून. तिची भीती वेगळीच होती. प्लास्टरच्या माणसाला ती घाबरायची नाही, जिवंत माणसाला घाबरायची.

त्यातही सगळ्यात जास्त टोपीकाकांना. हे गृहस्थ बसच्या डेपोत मेकॅनिक होते. टायर फुटून त्यांचा डावा कान गेला, ही गोष्ट भागूच्या जन्माआधीची. तेव्हापासून उन्हाळा असो की हिवाळा, त्यांच्या डोक्यावर विणलेली टोपी, कानाच्या खालपर्यंत ओढलेली. त्यांची खालची कवळी दर वर्षी हातातून निसटून मोडते, म्हणून ते आमच्याकडे येतात. टोपीखाली काय आहे ते आम्ही कोणी पाहिलेलं नव्हतं. भागू तर लहानपणी त्यांचा आवाज आला की माझ्या टेबलाखाली शिरायची आणि ते जाईपर्यंत माझी टाच धरून बसायची. मोठी झाल्यावर टेबलाखाली मावेना, म्हणून मागच्या खोलीत जायला लागली.

भागू बाबाच्याच धंद्याचं शिक्षण घेतेय, फक्त कॉलेजात. तिथे तिसऱ्या वर्षी परदेशात जाऊन शिकायची सोय आहे. यंदा दोन वाटा होत्या. एक, मोठ्या शहरातलं विद्यापीठ. वर्गातल्या सात-आठ मुली एकत्र जाणार, सोबत कॉलेजच्या बाई, एकाच वसतिगृहात राहणं, सकाळी तास, संध्याकाळी फिरणं. दुसरी, एका लहानशा गावातली कार्यशाळा. जागा एकच. सहा महिने एकटीने राहायचं. अपघातात किंवा आजारात ज्यांचं नाक, कान, डोळा गेला, त्यांना ते नव्याने करून देणारी माणसं तिथे आहेत, त्यांच्या हाताखाली काम शिकायचं. अर्जात दोन्ही पसंती भरणं सक्तीचं होतं म्हणून भागूने दुसरी भरली. आपल्याला कोण निवडतंय, अशी तिची खात्री होती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगीच नाही. कार्यशाळेने सगळ्या अर्जांमधून नेमका तिचाच उचलला.

त्यांनी एक छोटी फिल्म पाठवली होती, आमचं काम कसं चालतं ते बघा म्हणून. जेवण झाल्यावर भागू ती बघायला बसली आणि मी शेजारी भांडी पुसत होते. पडद्यावर एक बाई खुर्चीत बसली होती. तिने चष्मा काढला आणि चष्म्याबरोबर नाकही निघून आलं. भागूने लॅपटॉप असा मिटला की माझ्या हातातली बशी दचकली. मग ती बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ चालू होता.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा आमच्या प्लास्टरसारखा झाला होता. मी म्हटलं, होतं असं, पहिल्यांदा बघितल्यावर कोणालाही होईल. त्यावर ती जे बोलली ते मी विसरणार नाही.

"आत्या, मला त्या बाईची भीती नाही वाटत. ती माझ्यासमोर बसेल, चष्मा काढेल आणि मी दचकेन. माझं दचकणं तिला दिसेल, त्याची भीती वाटते. कवळीला डोळे नसतात गं. ती मला बघत नाही."

मी चिडले आणि तिला झोपायला पाठवलं. भर दुपारी.

पुढचे काही दिवस घरात भीतीने मुक्कामच ठोकला. वहिनी, म्हणजे भागूची आई, शाळेच्या ऑफिसात काम करते. जगात कुठे काय वाईट घडलं याची पहिली बातमी तिच्या फोनवर येते. परक्या गावात एकट्या मुलीचं काय काय होऊ शकतं हे तिने जेवताना एकेक करून सांगितलं. जिना बर्फाने निसरडा होतो, हीटरमधून गॅस गळतो, रात्री ताप आला तर पाणी द्यायला माणूस नाही. बाईंबरोबर जा आणि बाईंबरोबर ये, एवढंच तिचं म्हणणं. मैत्रिणी रोज फोन करून कोण कोणाच्या खोलीत राहणार ते ठरवत होत्या. दादा काहीच बोलला नाही. तो कधीच बोलत नाही. पण त्याच आठवड्यात त्याने एका कवळीत वरचे दात खाली रचले. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी ती कवळी गुपचूप परत त्याच्यासमोर ठेवली. हा माणूसही घाबरलाय हे मला तेव्हा कळलं. आणि माझं विचाराल तर मला ती कुठेच जायला नको होती. ना बाईंबरोबर, ना एकटी.

शुक्रवारपर्यंत कॉलेजला एक काय ते सांगायचं होतं. त्याआधी कार्यशाळेला कामाचा नमुना पाठवायचा होता. नमुना असा: एका माणसाचा उजवा कान शाबूत आहे, डावा नाही, असं धरा आणि त्याच्यासाठी मेणाचा कान करून फोटो पाठवा. भागूने बेत केला आणि तो फक्त मला सांगितला. कान पाठवायचा, त्यांनी नापास करायचं आणि आपण मैत्रिणींबरोबर सुटायचं. म्हणजे मी घाबरले असं कोणी म्हणायला नको आणि एकटं जायलाही नको. बेत चांगला होता, फक्त मुद्दाम वाईट काम करणं तिच्या हाताला जमेना. शेवटी ती दादाचीच मुलगी. आमच्या कारखान्यात एकच कायदा आहे, जसंच्या तसं. पेशंटचा दात वाकडा तर वाकडा, झिजलेला तर झिजलेला.

नमुन्यासाठी कान माझा घेतला. मला खुर्चीत आडवं बसवलं, भोकात कापूस घातला आणि माप घ्यायचा तो गार गुलाबी लगदा वर थापला. मला काही ऐकू येत नव्हतं, फक्त तिचं तोंड दिसत होतं, खालचा ओठ दातात धरलेलं. घट्ट झालेला साचा तिने अलगद सोडवला, त्यात मेण ओतलं, नंतर कोरणीने दोन दिवस त्याच्यावर बसली. कान बाहेर आला. पाळीवरची सुरकुती, डूल घालून घालून ओघळलेलं भोक, वरच्या कडेचा लहानपणी पडल्याचा वण, सगळं होतं. माझा कान इतका म्हातारा झालाय हे मला त्या दिवशी कळलं. दादाने तो खिडकीशी धरून पाहिला आणि म्हणाला, जसंच्या तसं. त्याच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे पदक मिळाल्यासारखंच. वहिनीने फोटो काढले. पाठवायचं तेवढं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपीकाका मोडकी कवळी घेऊन आले. भागू माझ्या टेबलाशी प्लास्टर कालवत होती. ते थेट मागच्या खोलीच्या दाराशीच येऊन उभे राहिले, त्यामुळे तिला मागे जायला वाट राहिली नाही. काकांनी कवळी दादाला दिली आणि त्यांची नजर फळीवरच्या त्या कानावर गेली. हे काय, असं त्यांनी विचारलं. डावा कान नसलेल्या माणसासाठी केलाय, असं दादा सांगून बसला आणि मग आपण कोणाशी बोलतोय हे ध्यानात येऊन मोडक्या कवळीकडे वळला. काकांनी विचारून कान उचलला. तळहातावर ठेवून बराच वेळ बघितला. मग आमच्या भिंतीवरच्या आरशासमोर गेले आणि कोणाला काही कळायच्या आत टोपी काढली.

मी पाहिलं. खोटं कशाला बोलू, मीही एक पाऊल मागे सरले. कान होता तिथे एक बारीक भोक होतं आणि त्याच्याभोवती चमकदार, ओढलेली, गाठीगाठीची कातडी. त्याच वेळी मागे काहीतरी आदळलं. भागूच्या हातून प्लास्टरचं भांडं पडलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि दोन्ही पांढऱ्या हातांनी तिने चेहरा झाकून घेतला होता.

काकांनी आरशातून ते पाहिलं. घाईघाईने टोपी चढवली, कानाखाली ओढली.

"चुकलं माझं, पोरी. आधी विचारायला पाहिजे होतं," ते म्हणाले.

मग त्यांनी तो मेणाचा कान हलकेच टेबलावर ठेवला आणि बोलावं की नको अशा आवाजात म्हणाले, "काम फार सुंदर आहे. पण हा उजवा आहे. उजवा माझ्याकडे आहे."

आम्ही तिघांनी त्या कानाकडे पाहिलं. माझ्या उजव्या कानाची हुबेहूब नक्कल केली होती, म्हणजे दुसरा उजवा कान तयार झाला होता. डाव्या बाजूला लावला तर मागची कड पुढे येणार, सगळं उलटं बसणार. हे शेंबड्या पोरालाही दिसलं असतं, पण आम्हाला नाही दिसलं. आमच्याकडे दातांचे संच तयार येतात, डावे-उजवे डबीतच वेगळे केलेले. आयुष्यभर जसंच्या तसं करत आलो, समोर आहे त्याच्या उलट काही करायची पाळीच कधी आली नव्हती.

काका गेले. कवळीसाठी संध्याकाळी येतो म्हणाले. भागू जमिनीवर सांडलेलं प्लास्टर खरवडत बसली, ते घट्ट होऊन गेलं तरी खरवडत राहिली. मी तिच्या शेजारी बसले आणि मनात होतं ते बोलून टाकलं. म्हटलं, फोटो तयार आहेत, हाच कान पाठव. ते नापास करतील, तुला पाहिजे होतं तेच होईल. हातच्या काकणाला आरसा कशाला, तुला हे जमणारं नाही हे आत्ता सगळ्यांनी बघितलं, त्यात लाज कसली.

ती म्हणाली, "त्यांनी माझी माफी मागितली, आत्या."

एवढंच. मग पुन्हा खरवडायला लागली.

संध्याकाळी काका आले तेव्हा कवळी सांधून तयार होती. ती दादाने त्यांच्या हातात दिली आणि भागू पुढे झाली. तिचा आवाज इतका बारीक होता की काकांना उजवा कान पुढे करावा लागला. तिने विचारलं, मला तुमचं माप घेऊ द्याल का. दोन्ही बाजूंचं. काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे. शेवटी खुर्चीत बसून ते म्हणाले, "टोपी तू काढ. मी काढली की तू घाबरतेस."

मी तिथेच उभी होते. तिचा हात टोपीपर्यंत गेला आणि थांबला. मला वाटलं आता ही पळणार, आणि देवाशप्पथ, पळावं असंच मला वाटत होतं. तिने टोपी काढली. दचकली. ते दचकणं मला दिसलं म्हणजे काकांनाही दिसलंच असणार. पण तिने नजर हलवली नाही. कापूस घेतला, त्या बारीक भोकात बसवला, लगदा कालवला आणि हाताने त्या गाठींवर थापला. गार लागतंय का, असं तिने विचारलं. काका म्हणाले, त्या बाजूला इतक्या वर्षांत कोणाचा हात लागला नाही, गार की गरम ते सांगता येत नाही.

साच्यातून कान ओतायचा प्रश्नच नव्हता, पुन्हा उजवाच निघाला असता. ती काकांना आरशासमोर बसवायची आणि आरशातला त्यांचा उजवा कान बघत बघत मेणात डावा कोरायची. आरशात उजव्याचा डावा होतो, हे तिचं तिनेच शोधून काढलं. काका रोज सकाळी यायचे, टोपी काढून खुर्चीत बसायचे आणि डेपोतल्या गमती सांगायचे. भागू हसायची नाही. एकदा काम करता करता तिला घेरी आली, एकदा उलटी झाली. रात्री ती अंथरुणात उठून बसलेली असायची. मी विचारलं की म्हणायची, भीती कमी होत नाहीये आत्या, मला वाटलं होतं बघून बघून कमी होईल. मीही तेच धरून चालले होते. तसं काही झालं नाही.

शुक्रवारी दुपारी तिने तो कान काकांच्या डाव्या बाजूला बसवला. मेण गुलाबी, कवळीचं, त्यामुळे रंग वेगळाच दिसत होता. पण कान डावा होता आणि त्यांचाच होता. काका आरशात बघत राहिले. डोकं इकडे वळवलं, तिकडे वळवलं. ऑफिसातून लवकर आलेली वहिनी दारात पर्स धरून उभी होती. तेवढ्यात काकांनी कडेला बोट लावलं आणि विचारलं, "मेणाचा म्हणजे उन्हात जाणार हा?"

दादाने मान हलवली.

"मग खऱ्याला किती वेळ लागेल?"

इथे खरा कान करणारं कोणी नाही हे दादाला माहीत होतं आणि मलाही. ते काकांना सांगायचं कोणी, एवढाच प्रश्न होता.

"सहा महिने," भागू म्हणाली. "शिकून यावं लागेल."

वहिनीच्या हातातली पर्स खाली आली. काकांनी नुसतं बरं म्हटलं, जणू पोरगी कोपऱ्यावर जाऊन येते म्हणाली होती. कान कवळीच्या प्लास्टिकच्या डबीत घालून ते घेऊन गेले. ते गेल्यावर भागू माझ्या टेबलाखाली, लहानपणीच्या जागी, कशीबशी घुसली आणि माझी टाच धरून बसली.

"मी हे काय बोलून बसले, आत्या?"

मी तिला उठ म्हटलं नाही. पाय तसाच राहू दिला आणि वर पॉलिशची मोटर चालू ठेवली, म्हणजे माझं रडणं तिला ऐकू जायला नको. कॉलेज बंद व्हायच्या आत तिने खालूनच फोन करून सांगितलं, मैत्रिणींच्या यादीतून माझं नाव काढा.

शुक्रवारीच पाठवलेले त्या डाव्या कानाचे फोटो बघून कार्यशाळेने होकार दिला. घरातल्या भीतीला त्यामुळे आणखीच जोर चढला. वहिनीने औषधांची अख्खी पेटी भरली. दादाने तिच्या कोरण्यांना एकेक करून धार लावली आणि तेव्हा स्वतःचा अंगठा कापून घेतला.

निघायच्या सकाळी आम्ही सामान घेऊन फुटपाथवर टॅक्सीची वाट बघत होतो. टोपीकाका आले. त्यांनी ती डबी भागूच्या हातात दिली. डबी रिकामी होती. कान एकदाच घातला, असं ते म्हणाले. नात घरी आली होती, तिच्यासमोर घालून बसले आणि खिडकीतून ऊन आलं.

"डबी तिकडे घेऊन जा. येताना भरून आण."

भागूने डबी घेतली. ती मान खाली घालून म्हणाली, "काका, मला अजून भीती वाटते. तुमच्याकडे बघतानासुद्धा."

"माहिती आहे. मला दिसतं ना," काका म्हणाले.

मग त्यांनी भररस्त्यात टोपी काढली आणि डावी बाजू तिच्याकडे करून उभे राहिले. कामावर निघालेली माणसं जाता जाता बघत होती, बघून चटकन नजर वळवत होती. एका लहान मुलाने आईचा हात ओढला. काका हलले नाहीत. भागूने माझा हात धरला होता आणि तिची बोटं ओल्या प्लास्टरसारखी गार पडली होती. टॅक्सी येईपर्यंत ती बघत राहिली.